अल्पपरिचित क्रिप्टोचलने आणि सुरक्षित वॉलेटची निवड : एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

बिटकॉइन आणि इथर ही दोन नाणी बाजूला ठेवली, तर आज ज्या सहस्रावधी क्रिप्टोचलनांची देवघेव चालते त्यांच्या धारकांपुढे भावाच्या चढउताराहूनही मूलगामी असा एक प्रश्न उभा असतो : घेतलेले नाणे ठेवायचे कोठे, आणि कोणाच्या भरवशावर? मोठ्या नाण्यांपुरती या प्रश्नाची उत्तरे गेल्या पंधरा वर्षांत बऱ्याच अंशी स्थिरावली आहेत; त्यांची वॉलेटे असंख्य लोक वापरतात, त्यांच्या संहितेवर, म्हणजे कोडवर, अनेक जाणकारांची नजर असते, आणि एखादा दोष उघडकीस आला तर त्याचा बोभाटा काही तासांत जगभर होतो. मोनेरो, झीकॅश, आयोटा, व्हर्टकॉइन, डिजिबाइट यांसारखी त्या मानाने कमी परिचयाची नाणी, आणि त्यांच्याही पलीकडची अगदी अनोळखी टोकने, यांच्या वाट्याला हे सार्वजनिक संरक्षण फार थोड्या प्रमाणात येते.

चर्चेस आरंभ करण्यापूर्वी एक तांत्रिक वस्तुस्थिती ध्यानी घेणे अगत्याचे आहे. नाण्याची नोंद त्या त्या चलनाच्या सार्वजनिक खातेवहीत, म्हणजे ब्लॉकचेनवर असते. वॉलेटमध्ये असते ती केवळ खासगी किल्ली, म्हणजे एक अतिप्रचंड गुप्त संख्या, जिच्या आधारे ती नोंद एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर फिरवण्याचा हुकूम देता येतो. किल्ली ज्याच्या कब्जात, त्याचाच हुकूम खातेवही मानते, आणि एकदा बजावलेला हुकूम मागे घेण्याची सोय तीत नाही. त्यामुळे सुरक्षित वॉलेट निवडणे म्हणजे वस्तुतः तीन निरनिराळ्या धोक्यांविरुद्ध एकाच वेळी करावयाची तजवीज होय : किल्ली परक्याच्या हाती पडण्याचा धोका, ती स्वतःच्याच हातून गहाळ होण्याचा धोका, आणि किल्ली शाबूत असूनही ती चालवणारे साधन निकामी होण्याचा धोका. पहिले दोन धोके सर्व नाण्यांना समान आहेत. तिसरा विशेषेकरून अल्पपरिचित नाण्यांच्या वाट्याला येतो, आणि या विषयावरील बहुतेक चर्चेत नेमकी त्याचीच उपेक्षा होते.

पूर्वपीठिका

सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा मूळ निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले. त्या काळी वॉलेट हा स्वतंत्र पदार्थ नव्हता. संपूर्ण खातेवही उतरवून घेणाऱ्या मूळ प्रोग्रामचाच तो एक भाग होता, आणि किल्ल्या संगणकातील एका साध्या फाइलमध्ये साठवल्या जात. ती फाइल गेली की नाणी गेली. २०११ साली आलेली नेमकॉइन व लाइटकॉइन आणि २०१३ च्या डिसेंबरात आलेले डोजकॉइन ही नाणी बिटकॉइनच्याच संहितेच्या वंशातली असल्यामुळे त्यांना वॉलेटही त्याच घडणीचे मिळाले. नाणे नवे, प्रोग्राम नवा, फाइल नवी, असा हा क्रम होता. ज्याच्याजवळ पाच प्रकारची नाणी, त्याला पाच प्रोग्राम आणि पाच खातेवह्या सांभाळणे भाग होते.

या अवस्थेत पालट घडवला तो २०१२ ते २०१४ या काळात पुढे आलेल्या तीन प्रमाणकांनी. बिप-३२ ने एकाच बीजापासून अगणित किल्ल्या निर्माण करण्याची पद्धत दिली. बिप-३९ ने ते बीज २,०४८ शब्दांच्या ठरीव यादीतून घेतलेल्या, बहुधा बारा किंवा चोवीस शब्दांच्या सीड फ्रेजमध्ये लिहून ठेवण्याची सोय केली. आणि बिप-४४ ने त्या एका बीजाखाली प्रत्येक नाण्याला स्वतःचा क्रमांक व स्वतःची वाट नेमून दिली. एका कागदावर उतरवलेल्या चोवीस शब्दांतून अनेक चलनांचे वॉलेट पुन्हा उभे करता येणे ही गोष्ट येथून शक्य झाली. २०१४ साली प्रागच्या सातोशीलॅब्ज या संस्थेने ट्रेझर हे पहिले हार्डवेअर वॉलेट विक्रीस आणले आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये लेजर ही कंपनी स्थापन झाली. पुढे जुलै २०१५ मध्ये इथर नाण्याची इथीरियम ही ब्लॉकचेन सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर मांडल्या गेलेल्या ईआरसी-२० या प्रमाणकामुळे कोणालाही इथीरियमच्याच खातेवहीवर स्वतःचे टोकन काढण्याची मुभा मिळाली. अल्पपरिचित चलनांचे दोन स्वतंत्र वर्ग तेव्हापासून पडले : ज्यांना स्वतःची ब्लॉकचेन आहे ती नाणी, आणि जी दुसऱ्याच्या ब्लॉकचेनवर नांदतात ती टोकने.

अल्पपरिचित नाण्यांची विशेष अडचण

या दोन वर्गांच्या अडचणी भिन्न आहेत. टोकन ठेवण्यास मूळ ब्लॉकचेनचे कोणतेही चांगले वॉलेट पुरते. तेथे संकट येते ते अन्य दिशांनी. एकाच नावाची खरी आणि बनावट टोकने शेजारी शेजारी असू शकतात, आणि त्यांच्यात भेद करण्याचे विश्वसनीय साधन म्हणजे त्या टोकनाच्या कराराचा, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजाशी ताडून पाहणे एवढेच. शिवाय टोकनांच्या व्यवहारात एखाद्या कराराला आपल्या शिलकीतून उचल करण्याची आगाऊ परवानगी द्यावी लागते, ती पुष्कळदा अमर्याद रकमेची असते, आणि वापर संपल्यानंतरही ती रद्द केल्यावाचून रद्द होत नाही. किल्ली कितीही जपली तरी अशी विसरलेली परवानगी शिल्लक रिकामी करू शकते.

स्वतःची ब्लॉकचेन असलेल्या नाण्यांची अडचण अधिक खोल आहे, कारण त्यांच्यासाठी वॉलेटमध्ये स्वतंत्र संहिता लिहावी व सतत अद्ययावत ठेवावी लागते. मोनेरोचे परंपरागत बीज पंचवीस शब्दांचे असून ते बिप-३९ च्या पद्धतीचे नाही; साहजिकच ते अन्य सामान्य वॉलेटमध्ये घातले तर चालत नाही. दोन वॉलेटे एकच प्रमाणक पाळीत असली तरी किल्ली काढण्याची त्यांची वाट वेगळी असू शकते, आणि मग शब्द अचूक असूनही शिल्लक शून्य दिसते. अशा वेळी नाणी गेलेली नसतात, पण ही गोष्ट ठाऊक नसलेला धारक घाबरून एखाद्या भामट्याच्या आहारी जाण्याचा संभव मोठा असतो. पत्त्यांचाही असाच घोळ आहे. लाइटकॉइनचे काही पत्ते पूर्वी बिटकॉइनच्या पत्त्यांप्रमाणेच तीनच्या अंकाने सुरू होत, म्हणून पुढे त्यांना निराळे आद्याक्षर देण्यात आले. बिटकॉइन कॅशनेही २०१८ च्या आरंभी त्याच कारणाने पत्त्याची नवी धाटणी स्वीकारली. एक्सआरपी आणि स्टेलर ही नाणी विनिमयगृहाकडे, म्हणजे एक्स्चेंजकडे, धाडताना पत्त्याबरोबर टॅग किंवा मेमो लिहावा लागतो. तो राहिला तर रक्कम पोहोचूनही कोणाच्या खात्यात मांडायची याचा उलगडा होत नाही.

याखेरीज मुदतीचाही प्रश्न असतो. इऑस हे नाणे प्रथम इथीरियमवरील टोकनाच्या रूपात विकले गेले आणि जून २०१८ मध्ये त्याची स्वतंत्र ब्लॉकचेन सुरू होण्यापूर्वी धारकांनी आपल्या नव्या किल्लीची नोंदणी करणे आवश्यक होते. ज्यांनी ती केली नाही, त्यांच्या वॉलेटमधील टोकने जागच्या जागी गोठली. आयोटाने २०२१ मध्ये आपली यंत्रणा बदलली, तेव्हाही जुन्या वॉलेटमधील शिल्लक फायरफ्लाय या नव्या वॉलेटमध्ये हलवावी लागली. कुलूपबंद ठेवून निर्धास्तपणे विसरून जाण्याचा जो मार्ग बिटकॉइनधारकाला बहुतांशी मोकळा आहे, तो अशा नाण्यांच्या धारकाला मोकळा नाही.

पहिला पक्ष : विनिमयगृहाच्या ताब्यात ठेवावे

या वादातील पहिला पक्ष असा की, सामान्य माणसाने किल्लीची जबाबदारी घेऊच नये; नामांकित विनिमयगृहाच्या ताब्यात नाणी राहू द्यावीत. या पक्षाचे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही. सीड फ्रेज हरवल्यामुळे किंवा चुकीच्या पत्त्यावर पाठवल्यामुळे होणारे नुकसान चोरीच्या नुकसानीसारखे गाजत नाही, पण ते कायमचे असते. ब्लॉकचेन बदलली, मुदत आली, नवे वॉलेट निघाले, तर बदलाची सर्व उठाठेव बहुधा विनिमयगृह स्वतःच करते. परवलीचा शब्द विसरला तर ओळखीचा दाखला देऊन खाते परत मिळते, आणि तक्रार करण्यास समोर एक कायदेशीर संस्था असते.

या पक्षाविरुद्धचा पुरावाही तितकाच ठळक आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानचे माउंट गॉक्स हे विनिमयगृह कोसळले, तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. त्यांतील सुमारे २,००,००० पुढे सापडले. कॅनडाच्या क्वाड्रिगा या विनिमयगृहाच्या संस्थापकाचा डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मृत्यू झाला आणि त्याच्याबरोबर किल्ल्याही गेल्याचे सांगण्यात आले. ऑन्टारिओच्या रोखे आयोगाने २०२० च्या अहवालात निष्कर्ष काढला तो असा की, हा मुळात ग्राहकांच्या पैशाच्या अपहाराचा मामला होता. अल्पपरिचित नाण्यांच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे ते न्यूझीलंडच्या क्रिप्टोपियाचे प्रकरण. लहानसहान नाण्यांचा भरणा हेच ज्याचे वैशिष्ट्य, असे ते विनिमयगृह जानेवारी २०१९ मध्ये लुटले गेले आणि मे महिन्यात अवसायनात निघाले. एप्रिल २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ग्राहकांची नाणी ही मालमत्ता असून ती विश्वस्त या नात्याने ठेवलेली होती, आणि प्रत्येक प्रकारच्या नाण्याचा विश्वस्तनिधी वेगळा समजला पाहिजे. निकाल ग्राहकांच्या बाजूचा होता, तरीही वाटपाची प्रक्रिया वर्षानुवर्षे रेंगाळली.

आपल्याकडील उदाहरण मुंबईतील वझीरएक्सचे. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे अदमासे दोन हजार कोटी रुपये, किमतीची नाणी चोरीस गेली आणि त्यांत शिबा इनू या टोकनाचा वाटा सर्वांत मोठा होता. ग्राहकांची खाती गोठली, पुनर्रचनेची योजना सिंगापूरच्या न्यायालयात गेली, आणि व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला.

आणखी एक मुद्दा केवळ लहान नाण्यांना लागू पडणारा आहे. विनिमयगृह कोणतेही नाणे आपल्या यादीतून केव्हाही वगळू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायनान्सने मोनेरो वगळले. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यान्वये जुलै २०२७ पासून मोनेरोसारखी गोपनीय स्वरूपाची नाणी तेथील सेवादात्यांना ठेवताच येणार नाहीत. अशा प्रसंगी ठरलेल्या मुदतीत नाणे बाहेर काढावे लागते, आणि ते ठेवण्यासाठी स्वतःचे वॉलेट नसेल, तर ते घाईघाईने निवडण्याची पाळी येते.

दुसरा पक्ष : सॉफ्टवेअर वॉलेट, अधिकृत की बहुचलनी

किल्ली स्वतःकडेच असावी असे मानणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. काहींच्या मते प्रत्येक नाण्यासाठी त्या प्रकल्पाचे अधिकृत वॉलेट वापरावे, कारण नाण्याच्या नियमांत होणारे बदल तेथे प्रथम पोहोचतात, संहिता बहुधा खुली असते, आणि स्वतःच्या संगणकावर संपूर्ण खातेवही ठेवून कोणावरही विसंबून न राहण्याची सोय तेथेच असते. परंतु अधिकृत हा शिक्का पुरेसा ठरत नाही, हे अनुभवाने दाखवले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन गोल्ड या नव्या नाण्यासाठी वॉलेट पुरवणाऱ्या एका संकेतस्थळाने, ज्याचा निर्देश प्रकल्पाच्या अधिकृत पानावरही होता, लोकांकडून किल्ल्या भरून घेतल्या आणि सुमारे ३३ लाख डॉलर लांबवले. त्यांत अनेकांचे मूळ बिटकॉइनही गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोनेरोच्या अधिकृत स्थळावरून उतरवली जाणारी फाइलच काही काळ बदलली गेली होती, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून निघणारी ओळखसंख्या, ताडून पाहणाऱ्या वापरकर्त्यांमुळेच ती लबाडी उघडकीस आली. आयोटाच्या ट्रिनिटी या अधिकृत वॉलेटमध्ये नाणी विकत घेण्यासाठी जोडलेल्या एका बाहेरच्या सेवेतून फेब्रुवारी २०२० मध्ये चोर शिरले; सुमारे २० लाख डॉलरची नाणी गेली आणि संपूर्ण जाळ्याचे व्यवहार जवळजवळ महिनाभर थांबवावे लागले.

दुसऱ्यांचा कल एक्झोडस, कॉइनोमी, ट्रस्ट वॉलेट यांसारख्या बहुचलनी वॉलेटांकडे आहे. एकच सीड फ्रेज, एकच पडदा आणि शेकडो नाण्यांचा जमाखर्च एका ठिकाणी, ही त्यांची जमेची बाजू. दहा निरनिराळ्या प्रोग्रामांची निगा राखण्यापेक्षा एकाची नीट राखणे शहाणपणाचे, हा त्यांच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद अगदी निराधार नाही. तथापि यांतील काहींची संहिता पूर्णतः खुली नाही, आणि एका ठिकाणचा दोष सर्वच नाण्यांना बाधतो. २०१९ मध्ये कॉइनोमीच्या संगणकीय आवृत्तीत असे आढळले की, वॉलेट पुन्हा उभे करताना टंकलेली सीड फ्रेज शुद्धलेखन तपासणीसाठी बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवली जात होती. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना ब्लॉकचेनवरील सुमारे नऊ हजार वॉलेटे रिती झाली आणि त्याचा माग स्लोप या वॉलेटपर्यंत गेला, कारण त्याच्या मोबाइल आवृत्तीतून बीजाचे शब्द उघड्या रूपात कंपनीच्या नोंदवहीत जात होते. जून २०२३ मध्ये अ‍ॅटॉमिक वॉलेटच्या ग्राहकांचे कोट्यवधी डॉलरचे नुकसान झाले. त्याच वर्षी लिबबिटकॉइन या साधनसंचातील दोष उजेडात आला. त्यातील यादृच्छिक संख्या केवळ ३२ बिटांच्या आधाराने निर्माण होत असल्यामुळे त्या संचाने बनवलेली बीजे अंदाजाने हुडकता येत होती, आणि त्या बीजांवरील वॉलेटांमध्ये बिटकॉइनखेरीज इतर नाणीही होती.

तिसरा पक्ष : हार्डवेअर वॉलेट

किल्ली इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रात ठेवूच नये, तिच्यासाठी स्वतंत्र उपकरण असावे आणि व्यवहाराच्या हुकमावरची सही त्या उपकरणाच्या आतच व्हावी, हे तत्त्व आज जाणकारांमध्ये सर्वाधिक मान्यता पावलेले आहे. वाद आहे तो उपकरणाच्या घडणीविषयी. ट्रेझरने आरंभापासून संहिता आणि आराखडा दोन्ही खुले ठेवले. मात्र जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या विनिमयगृहाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, उपकरण हाती लागले तर सुमारे पंधरा मिनिटांत त्यातील बीज काढता येते. बीजाच्या शब्दांखेरीज स्वतःची अतिरिक्त पासफ्रेज ठेवणाऱ्याला हा धोका राहत नाही. लेजरने उपकरणावरील भौतिक हल्ल्यास तोंड देणारी सुरक्षित चिप वापरली, पण तिच्या अंतरंगाची तपासणी सर्वांना खुली नाही. आणि मे २०२३ मध्ये कंपनीने सीडचे कूटबद्ध तुकडे तीन संस्थांकडे ठेवण्याची ऐच्छिक सेवा जाहीर केली, तेव्हा बीज उपकरणाबाहेर जाऊ शकते ही गोष्टच अनेकांना धक्कादायक वाटली. कंपनीचे म्हणणे असे की, सेवा ऐच्छिक आहे आणि ज्यांना कागद सांभाळता येत नाही अशांसाठी ती उपकारक आहे. दोन्ही बाजूंच्या भूमिकांत तथ्य आहे. उपकरण खरेदी करणाऱ्याचे नाव-पत्तेही जपावे लागतात, हे २०२० च्या माहितीचोरीने दाखवले. लेजरच्या सुमारे २,७२,००० ग्राहकांचा तपशील फुटला आणि पुढे त्यांतील काहींना टपालाने बनावट उपकरणे पाठवली गेली.

अल्पपरिचित नाण्यांच्या बाबतीत मात्र याहून वेगळा प्रश्न निर्णायक ठरतो : त्या उपकरणावर त्या नाण्याची संहिता कोण लिहितो? पुष्कळ लहान नाण्यांचे अ‍ॅप उपकरणाची कंपनी स्वतः लिहीत नाही. त्या नाण्याचे कार्यकर्ते लिहितात आणि कंपनी त्याला उपकरणावर जागा देते. मार्च २०१९ मध्ये लेजरच्या मोनेरो अ‍ॅपमधील दोषामुळे व्यवहारातून परत यावयाची शिल्लक हाती येईनाशी झाल्याची तक्रार आली आणि ते अ‍ॅप तूर्त न वापरण्याचा इशारा द्यावा लागला. उपकरण तेच होते, आणि त्यावरील बिटकॉइन सुरक्षित होते. ट्रेझरनेही आपल्या अधिकृत अ‍ॅपमधून नेमकॉइन, व्हर्टकॉइन, डिजिबाइट यांसारख्या नाण्यांचा आधार काढून घेतला. किल्ली अबाधित राहते हे खरे, परंतु ती वापरण्यासाठी धारकाला दुसरा मार्ग शोधावा लागतो, आणि असा शोध चालू असतानाच फसवणुकीला सर्वाधिक वाव मिळतो.

उपकरणाची आणखी एक मर्यादा सहीच्या आशयाची आहे. साधा व्यवहार असेल तर उपकरणाच्या पडद्यावर पत्ता व रक्कम दिसते. गुंतागुंतीच्या करारावर सही करताना, विशेषतः अनोळखी टोकनांच्या बाबतीत, केवळ आकडे आणि अक्षरांची ओळ दिसते आणि वापरकर्ता कोऱ्या मुद्रांकावर सही करावी तशी संमती देऊन मोकळा होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या विनिमयगृहातून सुमारे १५० कोटी डॉलरचे इथर गेले ते याच वाटेने. सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्यावर होत होती.

चौथा पक्ष : विभागलेला ताबा

एका किल्लीवर सर्व भार असू नये, अनेकांच्या सह्या एकत्र आल्याखेरीज नाणे हलू नये, असे मानणारा चौथा पक्ष आहे. मल्टिसिग वॉलेट, गणिती पद्धतीने किल्लीचे भाग पाडणारी वॉलेटे, बीजाचे तुकडे करण्यासाठी अदी शमीर यांच्या १९७९ सालच्या पद्धतीवर आधारलेले स्लिप-३९ हे प्रमाणक, आणि आप्तस्वकीयांच्या संमतीने ताबा परत मिळवून देणारी, ब्लॉकचेनवरील करारावर चालणारी वॉलेटे हे याचे निरनिराळे प्रकार होत. संस्थांसाठी आणि मोठ्या रकमांसाठी ही पद्धत इष्ट आहे, याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु वझीरएक्सचे लुटले गेलेले वॉलेट अनेक सह्यांचेच होते, बायबिटचेही तसेच. आणि पॅरिटी या इथीरियम वॉलेटच्या मल्टिसिग करारातील दोषामुळे जुलै २०१७ मध्ये सुमारे १,५३,००० इथर चोरीस गेल्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात ५८७ वॉलेटांतील सुमारे ५,१३,००० इथर कोणाच्याही हाती न लागता कायमचे अडकून पडले. सह्या वाढल्या की चोराचे काम कठीण होते, तशी संहिताही गुंतागुंतीची होते. शिवाय ही साधने मुख्यतः बिटकॉइन व इथीरियमच्या परिवारासाठी परिपक्व झालेली आहेत. स्वतंत्र ब्लॉकचेन असलेल्या लहान नाण्याला ती पुष्कळदा उपलब्धच नसतात.

कायद्याची बाजू

भारतात रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो रद्द ठरवला. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणाच्या वेळी एक टक्का कपात लागू झाली. मार्च २०२३ मध्ये सेवादात्यांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्या एका ग्राहकाच्या अर्जावर निर्णय देताना क्रिप्टोचलन ही विश्वस्त म्हणून धारण करता येण्याजोगी मालमत्ता आहे असे मानले, आणि चोरीस गेलेली टोकने वेगळ्या जातीची असताना त्या ग्राहकाच्या एक्सआरपी नाण्यांवर त्या नुकसानीचा बोजा टाकण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. नाण्याची जात ओळखून हक्क ठरवण्याचा हा विचार क्रिप्टोपियाच्या निकालाशी मिळताजुळता आहे आणि लहान नाण्यांच्या धारकांना दिलासा देणारा आहे. स्वतःच्या वॉलेटमधील नाण्यांना मात्र कायद्याचे संरक्षण चोर सापडल्यानंतरच मिळू शकते, तत्पूर्वी नाही.

अनिर्णित प्रश्न

एवढ्या अनुभवानंतरही चार प्रश्न सुटलेले नाहीत. पहिला निगराणीच्या खर्चाचा. लहान नाण्याच्या वॉलेटची संहिता वर्षानुवर्षे तपासत राहण्याचा खर्च कोणी सोसावा, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही प्रकल्पाला सापडलेले नाही. स्वयंसेवकांचा उत्साह ओसरला की वॉलेट अनाथ होते. दुसरा अद्ययावतीकरणाचा पेच. नवी आवृत्ती न घ्यावी तर जुन्या दोषांचा धोका, आणि तत्काळ घ्यावी तर २०१९ च्या मोनेरो फाइलसारख्या बनावट आवृत्तीचा. हॅश व सही ताडून पाहणे हा उपाय आहे, परंतु सामान्य वापरकर्त्याला पेलेल इतका तो अद्याप सोपा झालेला नाही. तिसरा सहीचा आशय मानवी भाषेत दाखवण्याचा; त्यासाठी प्रमाणके तयार होत आहेत, तरी अल्पपरिचित टोकनांपर्यंत ती पोहोचण्यास अवधी लागेल. चौथा वारसाहक्काचा. मृत्युपत्रात सीड फ्रेज लिहिली तर ती अनेकांच्या नजरेखालून जाते, आणि न लिहिली तर वारसांना मालमत्तेचा पत्ताच लागत नाही. बीजाचे तुकडे करून ठेवणे हा मधला मार्ग सुचवला जातो, परंतु त्याविषयी आपल्याकडे ना वहिवाट स्थिरावली आहे, ना विधिव्यवसायाचा काही ठराविक मसुदा.

निष्कर्ष

चारही पक्षांची बाजू पाहिल्यावर असे दिसते की, कोणते वॉलेट सर्वांत सुरक्षित या प्रश्नाला नाण्याचे नाव घेतल्यावाचून उत्तर देता येत नाही. मोठ्या नाण्यासाठी उपकरणाची मजबुती पाहणे बहुधा पुरते. अल्पपरिचित नाण्यासाठी त्याआधी त्या नाण्याच्या संहितेची निगराणी आज कोण करीत आहे आणि वॉलेट उद्या बंद पडले तर तीच किल्ली घेऊन दुसरीकडे जाता येते की नाही, या दोन गोष्टींची शहानिशा झाली पाहिजे. प्रमाणकांना धरून चालणारे बीज, खुली संहिता, अलीकडच्या महिन्यांत प्रसिद्ध झालेली आवृत्ती आणि किमान दोन स्वतंत्र वॉलेटांत चालणारी किल्ली, ही चार लक्षणे ज्या नाण्याच्या बाबतीत आढळतात, ते नाणे हार्डवेअर वॉलेटवर स्वतःच्या ताब्यात ठेवणे हितावह होय. ज्याच्या बाबतीत ती आढळत नाहीत, त्यासाठी त्याचे अधिकृत वॉलेट वेगळ्या संगणकावर आणि वेगळ्या बीजावर ठेवावे, जेणेकरून त्याचा दोष इतर मालमत्तेला बाधणार नाही. व्यवहारापुरतीच रक्कम विनिमयगृहात असू द्यावी.

वाचकांनी कोणत्याही अनोळखी नाण्याची मोठी खरेदी करण्यापूर्वी एक कसोटी अवश्य घ्यावी. अगदी अल्प रक्कम वॉलेटमध्ये घ्यावी, वॉलेट पुसून टाकावे, कागदावरील शब्दांवरून ते दुसऱ्या साधनावर पुन्हा उभे करावे आणि तेथून ती रक्कम परत पाठवून पाहावी. ही कसोटी ज्या नाण्याच्या बाबतीत उतरत नाही, त्या नाण्यात मोठी रक्कम गुंतवू नये.